चिपेच्या पोटांतील रहदारी आणि तिची नक्कल

कोपनहेगन येथील टेलिफोन कंपनींत १९०८ सालीं आग्नेर क्रारूप एर्लांग नांवाचा एक डॅनिश गणिती नोकरीस लागला. त्याच्यापुढें आलेला प्रश्न दिसावयास अगदीं साधा होता. एखाद्या विभागांत अमुक इतके टेलिफोन आहेत. तर ते बाहेर जोडून देण्यासाठीं तारा किती ठेवाव्या? जितके टेलिफोन तितक्या तारा ठेवल्या, तर त्यांतील बहुतेक दिवसभर रिकाम्या राहतात आणि पैसा वायां जातो. फार थोड्या ठेवल्या, तर ऐन कामाच्या वेळीं गिऱ्हाइकें ताटकळतात व कंपनीस शिव्या देतात. एर्लांगनें १९०९ सालीं एक निबंध लिहून टेलिफोनचीं बोलावणीं संभाव्यतेच्या कोणत्या नियमानें येतात हें दाखविलें, आणि १९१७ सालीं मूळ प्रश्नास चोख सूत्ररूप उत्तर दिलें. रहदारीचें गणित म्हणून जें शास्त्र पुढें वाढलें त्याचा पाया हा. टेलिफोनच्या तारांवरील भाराचें माप आजहि त्याच्याच नांवानें ओळखलें जातें.

तोच प्रश्न आतां एका निराळ्याच जागीं येऊन उभा राहिला आहे. ती जागा म्हणजे सिलिकॉनची लहानशी चकती. संगणकाचा मेंदू असें जिचें वर्णन करतात त्या चिपेंत पूर्वीं गणित करणारा विभाग, म्हणजे प्रोसेसर, एकच असे. त्याची गति दरसाल वाढवीत नेण्याचा मार्ग २००५ च्या सुमारास उष्णतेपायीं खुंटला. तेव्हां एका चपळ कारकुनाऐवजीं अनेक कारकून एकाच दालनांत बसविण्याची युक्ति सर्वत्र रूढ झाली. कारकून दोन-चार असतील तोंपर्यंत सर्वांत मिळून एक सामाइक तार पुरते. तिला बस म्हणतात. एकानें बोलावें, इतरांनीं ऐकावें, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावें, हा तिचा कायदा. वाड्यांतल्या एका नळावर चार बिऱ्हाडें भागतात. चाळीस आलीं कीं घागरींची रांग दिंडीदरवाजापर्यंत जाते. बसचें तेंच झालें. मग तारेचें वर्तुळ आलें, आणि तेंहि अपुरें पडूं लागल्यावर जाळी आली. इंटेल कंपनीनें आपल्या मोठ्या सर्व्हरांसाठींच्या चिपांत वर्तुळ सोडून जाळी स्वीकारली ती २०१७ सालीं.

संशोधकांनीं हें भविष्य बरेंच आधीं ओळखलें होतें. २००१ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विल्यम डॅली व ब्रायन टाउल्स यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचा आशय असा कीं, चिपेवर प्रत्येक कामासाठीं स्वतंत्र तार ओढीत बसूं नये. टपालखात्याप्रमाणें पाकिटांवर पत्ते घालून तीं सार्वजनिक मार्गावर सोडावीं. सहा वर्षांनीं, २००७ सालीं, इंटेलनें ८० केंद्रांची एक प्रायोगिक चिप जाहीर केली. केंद्रें ८ गुणिले १० अशा जाळींत मांडलेलीं होतीं, आणि प्रत्येक केंद्राशेजारीं पांच तोंडांचा एक राउटर होता: चार तोंडें चार दिशांना, पांचवें स्वतःच्या केंद्राकडे. ह्या चिपेवरील निबंधांच्या लेखकांत शेखर बोरकर यांचें नांव आहे. ते मुंबई विद्यापीठाचे पदार्थविज्ञानाचे एम्. एस्सी. त्या निबंधांतील एक आंकडा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. केंद्राला लागणाऱ्या एकंदर विजेपैकीं सुमारें २८ टक्के वीज एकटा राउटर खाऊन टाकी. घरखर्चाच्या चौथाईहून अधिक रक्कम टपालावर जाऊं लागली, तर कोणताहि गृहस्थ पोस्टाच्या तिकिटांचा हिशेब तपासावयास बसेल. संशोधक बसले ते त्यामुळेंच.

हिशेब समजण्यासाठीं पाकीट कसें प्रवास करतें तें आधीं पाहिलें पाहिजे. तें एकसंध जात नाहीं. त्याचे लहान लहान तुकडे करतात आणि प्रत्येक तुकड्यास फ्लिट म्हणतात. श्रोत्यांनीं एका लांब मालगाडीची कल्पना करावी. इंजिन पुढच्या स्टेशनांत शिरलें आहे, मधले डबे मागच्या स्टेशनांत आहेत आणि गार्डाचा डबा त्याच्याहि मागच्या स्टेशनांत आहे. पत्ता ठाऊक असतो तो इंजिनाला. डबे त्याच्या मागून निमूट जातात. पुढचा सिग्नल पडला नाहीं, तर गाडी अशीच दोन-तीन स्टेशनांवर पसरलेली उभी राहते, आणि तिनें अडविलेल्या रुळावरून दुसऱ्या कोणालाहि जातां येत नाहीं. राउटरांत फ्लिटांना थांबण्यासाठीं जी थोडी जागा ठेवलेली असते तिला बफर म्हणतात. ही जागा वाढवावी तर वीज व सिलिकॉन दोन्ही खर्चीं पडतात.

येथें एक भयंकर प्रकार संभवतो. एका चौकोनाच्या चार बाजूंवर चार गाड्या उभ्या आहेत, आणि प्रत्येकीला पुढच्या बाजूवरची जागा हवी आहे. पहिली दुसरीसाठीं थांबली, दुसरी तिसरीसाठीं, तिसरी चौथीसाठीं, आणि चौथी पुन्हां पहिलीसाठीं. आतां कोणीच हालत नाहीं व कधींहि हालणार नाहीं. ह्या कोंडीवर एक साधा उपाय असा कीं, प्रत्येक पाकिटानें आधीं आडव्या रस्त्यानें आपल्या स्तंभापर्यंत जावें, मग उभ्या रस्त्यानें मुक्कामास पोंचावें. एकदां उभ्या रस्त्यास लागल्यावर पुन्हां आडव्यावर वळूं नये. कांहीं वळणें अशीं निषिद्ध केलीं कीं तो अशुभ चौकोन पुरा होतच नाहीं. उपाय अगदीं बाळबोध, पण खात्रीचा.

मग एर्लांगचें सूत्र घेऊन ह्या जाळीचा हिशेब कां करूं नये? कारण, त्याच्या टेलिफोनांत तार मोकळी नसली तर बोलावणें परत फिरे आणि हिशेबांतून नाहींसें होई. चिपेंतलें पाकीट नाहींसें होत नाहीं. तें वाटेंतच उभें राहून मागच्यास अडवितें, तें त्याच्या मागच्यास, आणि एका चौकांतली रांग तीन चौकांपलीकडच्या रांगेचें कारण बनते. असल्या परस्परांत गुंतलेल्या रांगांना सुटसुटीत सूत्रांत बसविणें अतिशय कठीण आहे. प्रत्यक्ष चिप करून पाहावी, तर तें फार खर्चाचें काम, आणि एकदां सिलिकॉनवर उमटल्यावर एकहि तार हालवितां येत नाहीं. राहिला तिसरा मार्ग: जाळीची हुबेहूब नक्कल दुसऱ्या संगणकांत उभी करावयाची आणि ती चालवून पाहावयाची. ह्यालाच सिम्युलेशन म्हणतात.

ही नक्कल म्हणजे चित्र नव्हे. ती एक खतावणी आहे. प्रत्येक राउटरच्या नांवें एक पान. त्या पानावर, कोणत्या तोंडाशीं कोणते फ्लिट थांबले आहेत, त्यांचा पत्ता काय, आणि शेजारच्या राउटरांत जागा किती शिल्लक आहे, एवढें टिपलेलें असतें. चिपेचें घड्याळ एक ठोका देतें, कीं कारकून सर्व पानें एकदां चाळतो. प्रत्येक रांगेंतल्या पहिल्या फ्लिटाला विचारावयाचें, 'कोणीकडे जावयाचें?' एकाच तोंडावर दोघांनीं हक्क सांगितला, तर पाळीनें एकास सोडावयाचें. पुढें जागा असेल तर फ्लिट त्या पानावरून पुसून शेजारच्या पानावर लिहावयाचा. पुन्हां ठोका, पुन्हां चाळणी. असे लक्षावधि ठोके.

ह्यांत एक खोंच आहे व नवशिक्या विद्यार्थ्याला ती हमखास नडते. खऱ्या चिपेंत सर्व राउटर एकाच क्षणीं हालतात. खतावणींत मात्र पानें एकामागून एक उलटलीं जातात. पहिल्या पानावरचा फ्लिट दुसऱ्या पानावर लिहिला, आणि मग लगेच दुसरें पान उघडून तोच फ्लिट तिसऱ्यावर लिहिला, तर एका ठोक्यांत तो जाळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन पोंचेल! म्हणून नियम असा कीं, आधीं सर्व पानें जुन्या स्थितींत वाचून निर्णय तेवढे घ्यावे, आणि सर्वांचे निर्णय झाल्यावर मगच नवी स्थिति लिहावी.

खतावणी तयार झाली, पण पाकिटें कोणाचीं? येथें संशोधक कृत्रिम रहदारी निर्माण करतात, आणि कोणती रहदारी निवडली ह्यावर निकाल किती पालटतो तें एका उदाहरणानें दिसेल. कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्यास तें सहज पडताळतां येईल. आठ ओळी व आठ स्तंभ अशी ६४ केंद्रांची जाळी घ्यावी. एका तारेवरून एका ठोक्यांत, एका दिशेनें, एकच फ्लिट जातो. प्रथम अशी रहदारी घेऊं दे कीं, प्रत्येक केंद्र आपलें पाकीट ६४ पैकीं कोणत्याहि केंद्राकडे, चिठ्ठी टाकून, पाठवितें. सर्वांत गर्दीची तार अर्थात् मध्यभागीं असणार. एका ओळींतल्या डाव्या अर्ध्यांत चार केंद्रें आहेत, आणि त्यांच्या पाकिटांपैकीं निम्मीं उजव्या अर्ध्याकडे जाणारीं. म्हणजे मधल्या तारेवर दोन केंद्रांइतका भार पडतो. तेव्हां प्रत्येक केंद्रानें सरासरी दर ठोक्यास अर्ध्या फ्लिटापर्यंत पाठविलें तर जाळी, निदान कागदावर, तग धरील.

आतां दुसरी रहदारी. तिसऱ्या स्तंभांतील पांचव्या ओळीच्या केंद्रानें पांचव्या स्तंभांतील तिसऱ्या ओळीच्या केंद्राकडेच पाठवावें. असा सर्वांना नियम. कोष्टकांतील ओळी व स्तंभ यांची अदलाबदल करण्याचें गणित अनेक ठिकाणीं लागतें, आणि त्यांत नेमकें असेंच घडतें. आधीं आडवें, मग उभें, हा कायदा येथेंहि चालू आहे. सर्वांत शेवटच्या, आठव्या ओळीकडे पाहावें. तिच्यांतील सर्व केंद्रांना आठवा स्तंभ गांठावयाचा आहे, म्हणजे कोपऱ्यांतल्या केंद्राखेरीज सातहि जणांचीं पाकिटें त्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या एकाच तारेवरून जाणार! प्रत्येकाला एक-सप्तमांशाहून अधिक पाठवितां येणार नाहीं. जाळी तीच, राउटर तेच, कायदा तोच. आणि योग्यता अर्ध्यावरून सातव्या हिश्श्यावर घसरली. आपल्या राउटराची जाहिरात करूं इच्छिणाऱ्यास पहिली रहदारी निवडण्याचा मोह कां होतो, हें निराळें सांगावयास नको.

हे दोन्ही आंकडे आदर्श कमाल मर्यादेचे आहेत. प्रत्यक्ष राउटरांत हक्काच्या तंट्यांमुळें तारा मधून मधून रिकाम्या जातात, आणि नकलेंतील आंकडा ह्याहून थोडा कमीच भरतो. तो जर अधिक भरला, तर नवा शोध लागला असें न समजतां आपल्या खतावणींत चूक कोठें आहे ती हुडकावी.

भार हळू हळू वाढवीत नेला असतां पाकिटांना लागणारा वेळ कसा वाढतो, ह्याची रेषा काढणें हा नकलेचा मुख्य उद्योग. आरंभीं ही रेषा जवळ जवळ सपाट असते. चिठ्ठीच्या रहदारींत एका पाकिटाला सरासरी सव्वापांच टप्पे चालावे लागतात, आणि रस्ता मोकळा असल्यानें वेळ त्याच हिशेबानें लागतो. भार वाढला कीं रेषा वांकते, आणि मर्यादेजवळ येतांच भिंतीसारखी उभी होते. पण ती उभी झालेली दिसावी, ह्यासाठीं वेळ कोठून मोजावयाचा? पाकीट जन्मास आलें त्या क्षणापासून, कीं जाळींत त्यानें पहिलें पाऊल टाकलें त्या क्षणापासून? तिकिटाच्या खिडकीवरील बाबू आपल्या समोरच्या गिऱ्हाइकाला किती वेळ लागला एवढेंच मोजूं लागला, तर रांग रस्त्यापर्यंत गेली तरी त्याच्या वहींत कारभार उत्तमच दिसेल. जाळीचेंहि तसेंच आहे. तुंबलेली जाळी नवीं पाकिटें आंत घेत नाहीं. तीं दाराबाहेर सांचतात. बाहेरची रांग अमर्याद वाढूं द्यावी आणि तिच्यांत गेलेला वेळहि हिशेबांत धरावा, असा दंडक डॅली व टाउल्स यांनीं २००४ सालच्या आपल्या ग्रंथांत आग्रहानें घातला आहे.

आणखी दोन पथ्यें त्याच जातीचीं आहेत. नक्कल सुरू होते तेव्हां जाळी ओस असते. पहिल्या पाकिटांना पहांटेच्या रस्त्यासारखा मोकळा मार्ग मिळतो. म्हणून जाळी भरून स्थिर होईपर्यंतचे ठोके मोजावयाचे नाहींत. नंतरच्या पाकिटांवर खूण करावी, आणि खूण केलेलें शेवटचें पाकीट मुक्कामास पोंचेपर्यंत नक्कल बंद करूं नये. घाईनें बंद केली, तर जीं सर्वांत अधिक रखडलीं नेमकीं तींच मोजणींतून सुटतात आणि सरासरी देखणी निघते. कॉलेजांतील विद्यार्थ्यांचे कित्येक सुंदर आलेख ह्या एका घाईचे उपकार मानीत असतील!

कृत्रिम रहदारी सोडून खऱ्या कार्यक्रमांची घ्यावी, ही सूचना अर्थातच पुढें येते. एखादा खरा कार्यक्रम चालत असतां कोणतें पाकीट केव्हां निघालें ह्याची नोंद करून ठेवावी व ती नकलेस पुरवावी, ही एक रीति. तिच्यांत एक दोष आहे. प्रोसेसर माहिती मागवितो आणि ती आल्याशिवाय फार पुढें जाऊं शकत नाहीं. जाळी मंद असेल तर पुढचें मागणेंच उशिरा निघेल. जुन्या नोंदींत मात्र तें मागणें ठरल्या वेळींच निघतें, उत्तर आलेलें असो वा नसो. हें टाळावयाचें तर जाळीबरोबर प्रोसेसर, स्मृति, सर्व संगणकाचीच नक्कल करावी लागते. अशीं साधनें आज सर्वांना फुकट उपलब्ध आहेत. मिशिगन व विस्कॉन्सिन येथील दोन प्रकल्प एकत्र होऊन निघालेलें जेम-फाइव्ह २०११ सालीं जाहीर झालें, आणि जाळीचा हिशेब करणारें, मूळचें प्रिन्स्टनचें गार्नेट त्याच्यांत बसविलेलें असतें. केवळ जाळीपुरती नक्कल करणारें बुकसिम स्टॅनफर्डचें. पण पूर्णतेची किंमत वेळानें द्यावी लागते. सेकंदास शंभर कोटी ठोके देणारी चिप आहे, आणि नक्कल सेकंदास एक लाख ठोके उरकते, असें धरलें, तर चिपेच्या एका सेकंदाची हकीगत तयार होण्यास १०,००० सेकंद, म्हणजे पावणेतीन तास लागतील. एक मिनिट पाहावयाचें तर जवळ जवळ एक आठवडा.

ह्या सर्व सावधगिरीचें प्रयोजन काय, तें एका गाजलेल्या वादावरून कळतें. २००९ सालीं मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागांतील थॉमस मोसिब्रोडा आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाचे ओनुर मुतलू यांनीं एक धीट कल्पना मांडली. बफर इतके खर्चिक आहेत तर ते काढूनच टाकावे! एका तोंडावर दोन फ्लिटांनीं हक्क सांगितला, तर एकास सोडावें आणि दुसऱ्यास, थांबवून न ठेवतां, दुसऱ्या कोणत्याहि मोकळ्या दिशेस हांकलावें. वळसा पडेल, पण तो पोंचेल. आणि कोणी जन्मभर भटकत राहूं नये म्हणून जो सर्वांत जुना त्याचा हक्क पहिला. गाडी तुटून डबे निरनिराळ्या मार्गांनीं जाणार, तेव्हां प्रत्येक डब्याला स्वतःचा पत्ता द्यावा लागणार, हें ओघानेंच आलें. त्यांच्या नकलेंत खऱ्या कार्यक्रमांचा भार बहुधा हलका पडला. प्रोसेसर उत्तराची वाट पाहत थांबतात, त्यामुळें भार आपोआप आवरला जातो. अशा स्थितींत गतीचें नुकसान थोडें आणि विजेची बचत मोठी, असा निर्णय निघाला.

दुसऱ्याच वर्षीं, २०१० सालीं, स्टॅनफर्डच्या मिचेलोजियानाकिस, सांचेझ, डॅली व कोझिराकिस यांनीं तोच प्रश्न पुन्हां तपासला. डॅली म्हणजे २००१ च्या निबंधाचेच कर्ते. त्यांनीं बफरांना आपली बाजू मांडण्याची पुरती संधि दिली: ते काटकसरीच्या स्मृतिरचनेचे धरले, आणि बफर रिकामा असेल तर फ्लिट त्यांत न लिहितां थेट पुढें जाईल अशी सोय ठेवली. मग हलक्या भारावर बफरांची वीज मुळांतच फारशी जाईना. बिनबफरी जाळीची बचत, तीहि अगदीं हलक्या भारावर, फार झालें तर दीड टक्का भरली. बहुतेक परिस्थितींत बफरांची जाळी वेळानें व कामानें सरस ठरली.

दोन्ही पक्षांची विद्वत्ता वादातीत आहे, आणि कोणाच्याहि खतावणींत बेरीज चुकलेली नव्हती. फरक पडला तो पहिल्या पानावर काय गृहीत धरलें त्यांत: प्रतिस्पर्ध्याचा बफर किती उधळ्या मानला, आणि रस्त्यावर गर्दी किती मानली. तुलना करणाऱ्यानें आपल्या नव्या वस्तूवर वर्षभर मेहनत घ्यावी आणि जुनी वस्तु मात्र जशी पडली असेल तशी उचलून समोर ठेवावी, ही संवय सर्वच शास्त्रांत आढळते. ह्या क्षेत्रांत ती अधिक महाग पडते, कारण नकलेच्या निकालावर विसंबून पुढें खरीं चिपा घडविणारे कारखाने निर्णय घेत असतात.

वाद मात्र निष्फळ गेला नाहीं. २०१२ सालीं मुतलू यांच्या गटानें एक मधला मार्ग सुचविला. त्यांतील राउटर पाकिटांना वळसे घालावयास लावतोच. पण ज्या फ्लिटांना उगाच लांब फिरावें लागणार, त्यांतील कांहींना घटकाभर बाजूस बसवितां यावें म्हणून त्यानें एक अगदीं लहानसा बफर, घराबाहेरच्या ओट्याएवढा, परत ठेवून घेतला आहे.